पंचावन्नच्या आत

"तोडकर, चपला काढ."

"काढल्यात सर."

"मग केसातला तो चाप पण काढ."

मी चाप काढला. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुली हसल्या. सुताच्या गोदामातल्या मोठ्या वजनकाट्यावर मी अनवाणी उभी होते आणि लाल आकडे स्थिर व्हायची वाट बघत होते. या काट्यावर एरवी सुताची बाचकी चढायची. आमच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष इचलकरंजीतले सुताचे व्यापारी, म्हणून कबड्डीच्या संघाचं वजन दर वर्षी त्यांच्याच गोदामात व्हायचं.

आकडे थांबले. अठ्ठावन्नच्या थोडं वर.

"उतर. परत चढ," हुपरे सर म्हणाले.

मी उतरले, परत चढले. तेच.

"सर, हा बाचकी मोजायचा काटा आहे. शंभर ग्रॅम इकडंतिकडं होत असणार."

"शंभर ग्रॅम होईल. तीन किलो न्हाई होत."

किशोरी गटात खेळायचं तर वय सोळाच्या आत लागतं आणि वजन पंचावन्न किलोच्या आत. मी पंधरा वर्षांची होते, त्यामुळे अर्धी अट भागत होती. जिल्ह्याची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली होती.

"तीन आठवड्यांत तीन किलो म्हणजे काय विशेष न्हाई," सर म्हणाले. "रेनकोट घालून पळायचं. रात्रीचं जेवण बंद. पाणी घोट-घोट. हिच्या थोरल्या बहिणीनं चार दिवसांत अडीच उतरवलं होतं." त्यांनी स्नेहलकडे बोट केलं.

"आणि नाही उतरलं तर?"

"तर डाव्या कोपऱ्याला तन्वी. संघ कुणासाठी थांबत नसतोय."

डावा कोपरा माझा होता. कबड्डीत बचावाला उभं राहताना दोघी दोघी हात धरून साखळी करतात. माझ्या उजव्या हातात दोन वर्षं स्नेहल लोहारचा हात होता. चढाईला आलेली मुलगी कुठल्या पायावर भार देते ते मी बघायची आणि स्नेहलच्या बोटांना दाब द्यायची. तेवढ्यावर आमचं सगळं चालायचं.

गोदामातून बाहेर पडताना तिनं विचारलं, "मृणे, तू खातीस तरी काय गं एवढं?"

"तू खातेस तेच."

"मग मी पन्नासवर कशी?"

ज्या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही तो मला तेव्हाही स्वस्थ बसू देत नसे.

आमचं घर गल्लीच्या टोकाला होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो चालू करायचं काम त्यांचं. कायम रातपाळी. रात्री आठला ते कामावर हजर व्हायचे, सकाळी आठनंतर घरी यायचे आणि मी शाळेत असताना झोपायचे. आई नर्स. तिची बदली शाहूवाडी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर झाली होती आणि ती एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी यायची. मला भावंड नाही. शाळा सुटली की मी थेट मैदानावर जायचे. मैदान संपलं की कुलूप.

त्या आठवड्यात मी रेनकोट घालून पळायला लागले. फेब्रुवारी महिना, आकाशात ढगाचा पत्ता नाही, आणि मी हूड चढवलेला निळा रेनकोट घालून नदीच्या रस्त्याला. बायका दारातून विचारायच्या, "काय गं, तुमच्याकडं पाऊस लागलाय व्हय?"

चौथ्या दिवशी मी पळायच्या आधी बाहुबली काकांच्या पिठाच्या गिरणीत गेले. तिथं काटा होता.

"दळण कुठाय?" काकांनी विचारलं.

"दळण नाही काका. मला मोजा."

"मोजतो. पण दळायचं न्हाई न्हवं?"

मी आकडा लक्षात ठेवला. पळून परत आले. घामानं सगळी निथळत होते. पुन्हा मोजलं. जवळजवळ एक किलो कमी! मग काकांकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, प्यायले. आणखी अर्धा तांब्या प्यायले आणि परत काट्यावर चढले. गेलेलं सगळं परत आलं होतं.

"काका, हे पाणीच जातंय. बाकी काहीच जात नाही."

"मग काय जायला पायजे?" काका पीठ झटकत म्हणाले. ते पुढच्या डब्याकडे वळले.

मी हे सरांना सांगितलं. मला वाटलं होतं की ही माहिती महत्त्वाची आहे.

"पाणी का असंना," सर म्हणाले. "काट्याला काय कळतंय?"

बरोबर होतं ते. काट्याला खरंच काही कळत नाही. पुढं बी.एस्सी.ला जीवरसायनशास्त्राच्या वर्गात शरीरातल्या पाण्याचं प्रमाण शिकवलं, तेव्हा सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मला मात्र गिरणीतला पिठाचा वास आला.

मग दीपाली वहिनी. गल्लीत मधल्या घरात राहायच्या आणि पुढच्या खोलीत 'वेलनेस सेंटर' चालवायच्या. सकाळी तिथं टाळ्यांचा आवाज यायचा. लोक उभे राहून आपलं किती किलो उतरलं ते सांगायचे आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. मग सगळ्यांना ग्लासातून गुलाबी रंगाचं काहीतरी मिळायचं.

"ये गं ये, मृणाल. मी कधीची बघतेय, आज येईल, उद्या येईल," वहिनी म्हणाल्या. "तीन किलो? दहा दिवस. सकाळचा शेक, रात्रीचा शेक. जेवण फक्त दुपारी."

मी शेकच्या पावडरचा डबा हातात घेऊन मागचं वाचायला लागले. अक्षर फार बारीक होतं.

"वहिनी, हे माझ्या वयाला चालतं?"

"सगळ्यांना चालतं. आमच्या सासूबाईसुद्धा घेतात."

"त्यांना पण वजन कमी करायचंय?"

"नाही गं, त्यांचं भरायचंय. हाडं दिसतात त्यांची."

"एकाच डब्यानं?"

"तीच तर गंमत आहे!"

"तुम्ही हे शिकलात कुठं?"

"कोल्हापूरला. हॉटेलात तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. सर्टिफिकेट बघ की, भिंतीवर आहे." मग थोडा आवाज उतरवून म्हणाल्या, "तसं माझं बी.ए. झालंय. इतिहास." वाईट नव्हत्या त्या. पहिला डबा त्यांनी मला तसाच दिला. "पैसे आईला सांग, ती आली की बघू," म्हणाल्या, आणि जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. किती तरी दिवसांत माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवला नव्हता, म्हणून मी डबा घेऊन आले.

रात्री आईचा फोन आला. उपकेंद्रात रेंज नसायची. ती पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसून बोलायची, त्यामुळे तिच्या आवाजात वारा असायचा.

"जेवलीस?"

"जेवले."

"काय?"

"डबा."

रोज एवढंच बोलणं व्हायचं. त्या दिवशी मी पुढं काट्याचं सांगितलं, रेनकोटचं सांगितलं, शेकचं सांगितलं.

"तो पावडरचा डबा उद्या सकाळी परत देऊन ये," ती म्हणाली. "झाकण उघडलंस?"

"नाही."

"शहाणी. सांगलीला त्या धर्मादाय दवाखान्यात मुजावर मॅडम म्हणून आहेत. आमच्या ट्रेनिंगला शिकवायला आल्या होत्या. आहारतज्ज्ञ. मी त्यांना फोन लावते. आणि ऐक, डाएटिशियन म्हणून पाटी हल्ली कुणीही लावतंय. समोर कोणीही असू दे, पहिलं शिक्षण विचारायचं. लाजायचं नाही."

"तू ओळखतेस ना त्यांना?"

"मी ओळखते. तू नाही ओळखत. तू विचार."

"तू येशील बरोबर?"

वारा आला, गेला. "इथं दोघींचे दिवस भरलेत गं. सोडून कशी येऊ? आण्णांना सांग."

"आण्णा दुपारी झोपतात."

"हो," आई म्हणाली. "मग एसटीनं जाशील?"

शनिवारी सकाळची शाळा करून मी सांगलीच्या गाडीत बसले. दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली होती. भिंतीवर फळांची चित्रं असतील असं मला वाटलं होतं, पण तिथं नुसतं कॅलेंडर होतं. एक काटा, एक उंची मोजायची पट्टी, टेबलावर मापाच्या वाट्या. मुजावर मॅडम चाळिशीच्या असतील. चष्मा कपाळावर चढवलेला.

"बस. बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"नाही. मॅडम, तुमचं शिक्षण काय झालंय?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "आईनं सांगितलं विचारायला?"

"हो."

"एम.एस्सी. अन्न आणि पोषण. मग हॉस्पिटलात सहा महिने उमेदवारी, मग नोंदणीची परीक्षा. कार्ड दाखवू?"

"दाखवा."

त्यांनी पर्समधून कार्ड काढून दिलं. मी नाव वाचलं, फोटो त्यांचाच आहे का ते बघितलं आणि परत दिलं.

"झालं समाधान?"

"हो."

"आता माझी पाळी. तू अजून लहान आहेस. घरातलं मोठं माणूस समोर असल्याशिवाय मी तुला काय खा, काय नको हे सांगणार नाही. आईशी बोलणं झालंय माझं, म्हणून आज फक्त मोजते आणि ऐकते. चालेल?"

त्यांनी वजन घेतलं, आणि मग उंचीही घेतली. माझी उंची कुणी मोजली होती ती शाळेच्या आरोग्य तपासणीत, तेवढीच. मग एका छापील आलेखावर ठिपका काढला. मी खुर्ची पुढं ओढली.

"आडवं काय आहे? वय?"

"वय."

"आणि ह्या वेगवेगळ्या रेघा?"

त्यांनी सांगितलं. माझ्या वयाच्या मुलींना ओळीत उभं केलं तर मी कुठं उभी असेन, ते ह्या रेघा दाखवतात. माझा ठिपका वरच्या बाजूला होता, पण सर्वांत वरच्या रेघेच्या आत. मला तो बघायला आवडला. माझ्याबद्दल कुणीतरी काहीतरी नेमकं सांगत होतं आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. पाळी केव्हा आली, नियमित येते का. झोप किती. खेळ किती. दम लागतो का. आई-वडिलांपैकी कुणाला साखर, थायरॉईड. मी नेमकी उत्तरं देत होते आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. त्या लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"घरी वाढतं कोण?"

"मीच," मी म्हणाले.

"तूच? रोज?"

"रोजचं सांगता येणार नाही. पण दर महिन्याला थोडं थोडं. आण्णा तर वाळलेत. आईचंही कमी झालंय तिकडं गेल्यापासून. आमच्या घरात मी एकटीच वाढतेय."

मॅडमचं लिहिणं थांबलं. त्यांनी वर पाहिलं.

"अगं, तसं नाही. ताटात. ताटात कोण वाढतं?"

मला हसू यायला हवं होतं. पण मी खरोखरच उत्तर शोधत होते आणि ते सापडत नव्हतं.

"ताट नसतं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"खानावळीचा डबा असतो. चार पुडांचा. दोन पुडं आण्णा कामावर घेऊन जातात, दोन माझी ओट्यावर ठेवतात. मी मैदानावरून आले की तिथंच उभ्यानं खाते. डब्यातूनच. उगीच भांडी पडत नाहीत."

"थांबतेस कधी?"

"संपला की."

"आणि संपल्यावर?"

"मग शेव असते. खारी असते. आई बिस्किटं आणून ठेवते. टीव्ही लावते, मग..." मी थांबले. "झोप लागेपर्यंत काहीतरी चालू असतं."

"भूक लागलेली असते तेव्हा?"

हा प्रश्न मी स्वतःला कधीच विचारला नव्हता. पाणी किती जातं ते मोजायला मी गिरणीत गेले होते, पण हे मोजायचं मला सुचलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

मॅडमनी आलेख माझ्याकडे वळवला. "हे बघ. तुझी उंची अजून वाढतेय. वजन आहे तिथं थोपवलं तर उंची त्याला गाठेल. घाई करायची नाही, वर्षभर लागेल. रक्ताच्या एक-दोन तपासण्या इथल्या डॉक्टरांकडून करून घेऊ. पण तीन आठवड्यांत तीन किलो मी उतरवून देणार नाही. कुणी देतो म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नकोस."

"मग मला संघातून काढतील."

"काढतील?"

"हो."

नाही काढणार, असं त्या म्हणाल्या नाहीत. "पुढचा गट कुठला?"

"कुमारी. पासष्ट किलो."

"मग त्यात खेळ."

"आमच्या मंडळात कुमारीचा संघ नाही. दहावीनंतर मुली येत नाहीत."

"त्यावर माझ्याकडे इलाज नाही, मृणाल," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी आईला नाहीतर वडिलांना घेऊन ये."

परतीच्या गाडीत जयसिंगपूर येईपर्यंत माझं ठरलं होतं. मॅडम खरं बोलत होत्या, आणि त्यांचं ऐकायचं नाही.

त्या संध्याकाळी मैदानावर स्नेहलनं माझा हात धरला, साखळी नसतानाही. "काय म्हणाली बाई?"

"तीन आठवड्यांत नाही उतरवायचं म्हणाली."

"तिचं काय जातंय म्हणायला? ती येणाराय होय कोपऱ्यात?" ती माझ्यापुढं उभी राहिली. "मृणे, उपाशी राहा की. माझ्यासाठी. चाचणी झाली की मी तुला भेळ चारतो, काय पायजे ते चारतो." आमच्याकडे मुली अशाच बोलतात, चारतो, जातो, येतो. "तन्वीला पाय कळत न्हाईत गं. ती नुसती उभी राहते."

सोमवारपासून मी रात्री जेवले नाही. मंगळवारी, बुधवारीही नाही. शेवेचा डबा मी माळ्यावर टाकला. मला जमत होतं, हे सांगायला हवं. गिरणीतला आकडा खाली येत होता आणि ह्या वेळी पाणी प्यायलं तरी थोडा खालीच राहत होता. फळ्याकडे बघताना अक्षरं जरा मागे-पुढे व्हायची, इतकंच. अंथरुणात पोटाचा आवाज यायचा, आणि तेवढ्या घरात तोच एक आवाज असायचा.

गुरुवारी शाळेतून दप्तर टाकायला घरी आले तर आण्णा जागे होते. ओट्यासमोर उभे होते. खानावळीचा पोऱ्या रिकामा डबा न्यायला आला होता आणि माझी दोन पुडं भरलेली निघाली होती. वास येत होता.

"पोरगं सांगतंय, तीन दिवस झालं, भरलेलंच परत येतंय म्हणून," आण्णा म्हणाले. "डबा आवडंना व्हय?"

"उतरवतेय."

"काय?"

"वजन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, बऱ्याच दिवसांनी दिवसाउजेडी पाहिलं. त्यांच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले होते. ते कधीच पूर्ण निघत नसत.

"आईनं सांगितलेल्या त्या बाई कवा भेटत्यात?"

"शनिवारी."

"जाऊया."

शनिवारी ते पाळी संपवून आले, तोंड धुतलं आणि तसेच माझ्या शाळेच्या दारात येऊन थांबले. गाडीत बसल्या बसल्या त्यांची मान कलंडली. सांगलीपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी खिडकीकडे सरकले नाही.

मुजावर मॅडमनी माझं वजन घेतलं, आकडा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. आण्णांना त्यांनी बसायला सांगितलं.

"तोडकर, घरी वाढतं कोण?"

आण्णांना प्रश्न पहिल्या फटक्यात कळला. ते हसले. "वाढायला कोण हाय मॅडम? ही येती तवा मी निघालेला असतो. मी येतो तवा ही शाळेत. हिची आई तिकडं डोंगरात."

"तुम्ही कुणाबरोबर जेवता?"

"मागांबरोबर," आण्णा म्हणाले. "अठ्ठेचाळीस माग. एवढा दंगा करत्यात, की शेजारचा काय बोलला ते पण कळत न्हाई. मग कोण बोलतच न्हाई. आपापला कोपरा, आपापला डबा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांची दोन पुडं कुठं उघडतात, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे एक डबा सुटा होऊन दोन ठिकाणी जात होता, आणि तिसरं माणूस टाकीच्या पायऱ्यांवर बसून 'जेवलीस?' विचारत होतं. ती काय जेवली, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मॅडमनी मग आण्णांना समजावलं. वाढत्या वयात उपाशी राहून वजन उतरवलं तर त्याबरोबर आणखी काय काय जातं, हाडांचं, पाळीचं, रक्ताचं. आण्णा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मग खेळ बंद करू म्हणता?"

"मी खेळ बंद करा म्हणत नाही. उपास बंद करा म्हणते. खेळाचं तुम्ही दोघं ठरवा. एक वेळचं जेवण बसून, ताटात. मला आधी तेवढं करून दाखवा. मग बाकीचं बघू, काय किती ते."

सांगलीच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना आण्णांनी दोन केळी घेतली. एक मला दिलं.

"तुला काय पायजे?" त्यांनी विचारलं.

"संघ."

त्यांनी केळं सोललं, पण खाल्लं नाही. "ते माझ्या हातात न्हाई, बाळ," ते म्हणाले. "मला काय येतंय? माग दुरुस्त करायला येतंय. सातला जेवायला बसायला येईल. घरातनं पावणेआठला निघालो तरी पोचतो मी."

"सातला मी मैदानावर असते."

"व्हय," आण्णा म्हणाले. "म्हणून तर म्हणालो, ते माझ्या हातात न्हाई."

आमची गाडी लागली. मी हातातलं केळं खाल्लं. सगळं.

सोमवारी मी हुपरे सरांना सांगितलं, "सर, मी पंचावन्नच्या आत येणार नाही."

"येत न्हाईस का येणार न्हाईस?"

"येणार नाही."

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. रागावतील असं वाटलं होतं, पण ते दमल्यासारखे दिसले. "बरं. चाचणीपर्यंत तरी येत जा. तन्वीला कोपरा शिकव."

मी शिकवला. रोज साडेपाचला जायचे, रेघेबाहेर उभी राहायचे आणि ओरडायचे, "पायाकडं बघ, तोंडाकडं नको! भार बघ!" तन्वी चांगली मुलगी होती. शेवटच्या दोन दिवसांत तिला पाय कळायला लागले. स्नेहलनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा डावा हात तन्वीच्या हातात असायचा आणि बोटं कशी दाबली जातात हे मला लांबूनही दिसायचं.

चाचणीच्या दिवशी संघ पहाटे टेंपोनं गेला. मी शाळेत गेले, परत आले. साडेपाच वाजले. दप्तर ठेवून मी दारात उभी राहिले. जायला कुठंच नव्हतं. आण्णा आत आंघोळ करत होते. सहा वाजले, साडेसहा वाजले. त्या वेळेला आमच्या गल्लीत कुठल्या घरातून कसला वास येतो, कुणाचा टीव्ही लागतो, हे मला माहीतच नव्हतं. मी तिथं पाहुणी असल्यासारखी उभी होते.

खानावळीचा डबा आला. आण्णांनी फडताळातून दोन ताटं काढली. त्यांवर धूळ होती. ती त्यांनी धुतली, पुसली आणि जमिनीवर समोरासमोर मांडली. मग डबा उघडून मध्ये ठेवला आणि पळी शोधायला लागले. पळी कुठं असते ते दोघांनाही आठवेना. शेवटी चहाच्या भांड्याशेजारी सापडली.

तेवढ्यात टेंपोचा हॉर्न ऐकू आला. मागोमाग आरडाओरडा. टेंपो गल्लीच्या तोंडाशी थांबला होता, कुणीतरी पिपाणी वाजवत होतं. "लोहार, लोहार!" आवाज येत होते. म्हणजे स्नेहलची निवड झाली होती. पुढं दुसरं नाव आलं. ते तन्वीचं होतं.

आण्णांनी पळी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "जाऊन ये जायचं असलं तर. मी थांबतो."

मला जायचं होतं. ह्या ताटापेक्षा, समोर बसलेल्या माणसापेक्षा, जगातल्या सगळ्यापेक्षा मला त्या टेंपोत असायचं होतं. हे त्यांना दिसलंही असणार. आवाज हळूहळू पुढच्या चौकाकडे गेले.

"नको," मी म्हणाले, आणि ताटासमोर बसले.

आण्णांनी दोन चपात्या ठेवल्या. बटाट्याची भाजी वाढली. मग भात. भाताचा एक गोळा बाहेर पडला, तो त्यांनी उचलून स्वतःच्या ताटात टाकला. मग आमटी. त्यांचा हात भरभर चालत नव्हता. प्रत्येक पळीला ते थांबून माझ्या तोंडाकडे बघायचे. मी ताटाकडे बघत होते. मला वाटत होतं किती वाढायचं ते त्यांना माहीत असेल. आमटी भातातून निघून भाजीत गेली, तिथून चपातीखाली. आणखी एक पळी आली. मग आणखी एक.

"अगं," आण्णा काकुळतीला येऊन म्हणाले, "पुरे म्हण की!"

मी ताटावर हात आडवा धरला.

"पुरे," मी म्हणाले.

त्यांनी पळी माझ्या हातात दिली आणि आपलं ताट पुढं सरकवलं.